स्टार्टरमधला 'खट' आवाज आणि जोसेफ हेन्री



आपल्या नांदेड-लातूरकडच्या बहुतेक मुलांनी विहिरीवरचा किंवा बोअरचा स्टार्टर पाहिलेला असतो. हिरवं बटण दाबलं की पेटीत 'खट' असा आवाज होतो आणि मोटार सुरू होते. लातूरच्या डाळ मिलमध्ये आणि नांदेडच्या जिनिंगमध्येही हाच आवाज ऐकू येतो. हीच मुलं पुढे बारावीला 'हेन्री' हे एकक घालून गणितं सोडवतात. पण त्या आवाजाचं आणि या नावाचं नातं त्यांना कुणी सांगत नाही. आज ते पाहू या. हेन्री आपल्यासारखेच शिक्षक होते.

जोसेफ हेन्री यांचा जन्म १७ डिसेंबर १७९७ रोजी अमेरिकेतील अल्बनी या गावी झाला. घरची गरिबी होती. बालपणाचा काही काळ आजीकडे गेला. पुढे ते घड्याळजीच्या हाताखाली काम शिकू लागले. त्यांना नाटकाचं वेड होतं. सोळाव्या वर्षी विज्ञानाचं एक साधं पुस्तक हाती पडलं आणि आयुष्याची दिशाच बदलली. १८१९ मध्ये त्यांना अल्बनी अकादमीत मोफत शिकायला मिळालं आणि १८२६ मध्ये ते तिथेच गणित व विज्ञान शिकवू लागले. दिवसभर तास असत, त्यामुळे मोठे प्रयोग सुट्टीतच करावे लागत.

इंग्लंडच्या विल्यम स्टर्जन यांनी १८२५ मध्ये विद्युतचुंबक तयार केला होता. पण त्याची तार उघडी असल्यामुळे वेढे एकमेकांपासून दूर ठेवावे लागत. हेन्री यांनी तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता वेढ्यांवर वेढे दाटून देता येऊ लागले आणि चुंबकाची ताकद खूप वाढली. १८३१ मध्ये येल कॉलेजसाठी केलेला त्यांचा चुंबक ९०० किलोहून जास्त वजन उचलत असे. आज मोटार भरताना इनॅमल चढवलेली तार वापरतात, त्यामागचं तत्त्व हेच.

१८३२ मध्ये ते प्रिन्स्टनला गेले. तिथे १८३५ च्या सुमारास त्यांनी मुलांना एक गंमत दाखवली. लांब तारेतून आलेला लहानसा प्रवाह एक छोटा चुंबक हलवी आणि तो चुंबक दुसऱ्या, मोठ्या प्रवाहाचा रस्ता उघडी किंवा बंद करी. हीच रिलेची कल्पना.

आपल्या स्टार्टरमधला कॉन्टॅक्टर याच कल्पनेवर चालतो. हिरव्या बटणातून मोटारीचा प्रवाह जात नाही. बटण दाबल्यावर कॉइलला थोडासा प्रवाह मिळतो, तिचा गाभा चुंबक बनतो आणि समोरचा लोखंडी भाग ओढून घेतो. तोच तो 'खट'! त्याच वेळी तिन्ही फेजचे कॉन्टॅक्ट जुळतात. बोट काढलं तरी एक लहान जोड-कॉन्टॅक्ट कॉइलचा प्रवाह चालू ठेवतो. लाल बटण दाबलं की तो तुटतो आणि स्प्रिंग सगळे कॉन्टॅक्ट मागे ढकलते. मोटारीवर जास्त भार आला, तर ओव्हरलोड रिले हेच काम करतो.

कॉन्टॅक्ट सुटताना ठिणगी पडते. लांब गुंडाळलेल्या तारेचा प्रवाह तोडताना मोठी ठिणगी का पडते, याचं निरीक्षण हेन्री यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केलं. यालाच आपण स्वयंप्रवर्तन म्हणतो.

वीज प्रवर्तनाचा शोध मात्र फॅरडे यांच्या नावावर गेला, कारण त्यांनी तो आधी छापला. रिलेचं पेटंटही हेन्री यांनी घेतलं नाही. विज्ञानातलं ज्ञान सगळ्यांचं, असं ते मानत. १८४६ पासून १३ मे १८७८ रोजी मृत्यू होईपर्यंत ते स्मिथसोनियन संस्थेचे सचिव होते. १८९३ मध्ये शिकागोच्या परिषदेत प्रवर्तनाच्या एककाला त्यांचं नाव दिलं गेलं.

पालकहो, एक महत्त्वाची गोष्ट. वीज गेली की कॉइल सुटते आणि वीज परत आली तरी मोटार आपोआप सुरू होत नाही. रात्री-बेरात्री उठून शेतात जावं लागतं, म्हणून हा ताप वाटतो, पण खरं तर ही राखण आहे. व्होल्टेज कमी असलं की काही जण काडी घालून किंवा दोरी बांधून स्टार्टर अडकवून ठेवतात. मग वीज अचानक आली, तर मोटारीला हात लावून असलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. मोटार जळाली तर पुन्हा भरून आणता येते, माणूस नाही. हे मुलांना जरूर सांगा.

वर्गात करून पाहा: लोखंडी खिळ्यावर इनॅमलची तार आधी १० वेढे, मग ४० वेढे गुंडाळा. टोकांवरचं इनॅमल खरवडून एकच सेल थोडा वेळ जोडा आणि किती टाचण्या उचलल्या ते मोजा. घरातली वीज अजिबात वापरू नका. आणि स्टार्टरचं झाकण न उघडता मुलांना तो आवाज फक्त ऐकू द्या. आता तो कुठून येतो, ते तीच सांगतील.