वीरचंद राघवजी गांधी : संयत वाणीचे धर्मप्रतिनिधी

पाश्चात्त्य जगताला जैन धर्माचा परिचय करून देणारे श्रावक म्हणून कै. वीरचंद राघवजी गांधी यांचे नाव समाजात आदराने घेतले जाते. परंतु ज्या सभेत बहुतेकांनी जैन हा शब्दही ऐकला नव्हता, तेथे त्यांचे म्हणणे गांभीर्याने का ऐकले गेले, याचा विचार क्वचितच होतो.

दि. २५ ऑगस्ट १८६४ रोजी सौराष्ट्रातील महुवा येथे त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८८४ साली ते पदवीधर झाले आणि पुढच्याच वर्षी जैन असोसिएशन ऑफ इंडियाचे मानद चिटणीस. पालीताण्याच्या यात्राकराचा तंटा १८८६ मध्ये वार्षिक १५,००० रुपयांवर मिटला. त्या वाटाघाटींत हा तरुण अग्रभागी होता. सम्मेद शिखरजीच्या पहाडावर डुकरांच्या चरबीचा कारखाना निघाला, तेव्हा ते कलकत्त्यास जाऊन राहिले व कागदपत्रे स्वतः वाचता यावीत म्हणून बंगाली शिकले.

विलायतेहून परतलेले बॅरिस्टर मोहनदास गांधी यांच्यासमवेत मुंबईत त्यांनी आहाराचे प्रयोग केले. फिरोजशहा मेहता, बद्रुद्दीन तय्यबजी यांच्या कोर्टातील दराऱ्याच्या गोष्टी वीरचंदभाई सांगत आणि मोहनदासांना धास्तीच वाटे. पुढे पहिल्याच खटल्यात उभे राहताच मोहनदासांना शब्द फुटेना. फी परत करून ते निघून आले. विद्या असूनही वाणी ऐन वेळी दगा देते, ती अशी!

शिकागोच्या सर्वधर्म परिषदेचे निमंत्रण आचार्य आत्मारामजी महाराजांना होते. साधूस समुद्रगमन वर्ज्य, म्हणून त्यांनी वीरचंदभाईंना पाठविले. ११ सप्टेंबर १८९३ रोजी ते व्यासपीठावर आले ते काठियावाडी पगडी आणि शालीसह. ही निवड किरकोळ नव्हे. पाश्चात्त्य पोशाखात ते इतरांसारखेच एक वक्ते ठरले असते. त्या दिवशी अनेक लांबलचक भाषणे झाली होती. वीरचंदभाईंनी मात्र आपला धर्म, त्याचे प्राचीनत्व व अनुयायांची संख्या एवढेच सांगितले, गुरुमहाराजांचा संदेश दिला आणि सविस्तर विवेचन पुढे करू असे सांगून ते खाली बसले. श्रोत्यांची दमणूक ओळखणारा वक्ता विरळाच.

पुढे पेंटेकॉस्ट नामक पाद्रींनी मंदिरांतील देवदासींवरून हिंदू धर्मावर कठोर टीका केली. ती टीका जैनांवर नव्हती. गप्प राहणे सोयीचे होते. तरीही वीरचंदभाई उत्तरास उभे राहिले. समाजातील दोष निराळे आणि धर्म निराळा, हा भेद त्यांनी मुद्देसूद मांडला. उपरोध केला, पण तोल जाऊ दिला नाही. त्यानंतर अमेरिकेत ठिकठिकाणी त्यांना व्याख्यानांची निमंत्रणे आली.

१८९५ मध्ये ते स्वदेशी परतले. ज्यांच्यासाठी ते गेले, त्यांच्यापैकीच काहींनी समुद्रपर्यटनाबद्दल त्यांना संघाबाहेर काढण्याची मागणी केली. परक्यांनी ऐकून घेतले आणि घरच्यांनी आरोपी केले. आत्मारामजी महाराज मात्र त्यांच्या पाठीशी उभे राहिले. पुढील वर्षीच वीरचंदभाई पुन्हा अमेरिकेस निघाले, आणि या वेळी सहकुटुंब.

१९०१ मध्ये प्रकृती ढासळलेल्या अवस्थेत ते मायदेशी आले. ७ ऑगस्ट रोजी, वयाची ३७ वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांची प्राणज्योत मालवली.