आनंदवनाचे बाबा

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी विदर्भातील हिंगणघाट येथे एका श्रीमंत जमीनदार घराण्यात झाला. घरात त्यांना लाडाने बाबा म्हणत. पुढे सारे जग त्यांना याच नावाने ओळखू लागले. तरुणपणी शिकारीची बंदूक व स्वतःची मोटार असा त्यांचा थाट होता. वरोरा येथे त्यांची वकिलीही चालत असे. परंतु गांधीजींच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव पडला आणि तो थाट ओसरला. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना सफाई कामगारांचे कष्ट कळावेत म्हणून त्यांनी मैल्याची टोपली स्वतःच्या डोक्यावर वाहिली.

असेच काम करीत असता भर पावसात त्यांना रस्त्याकडेला पडलेला तुळशीराम नावाचा मनुष्य दिसला. कुष्ठरोगाने त्याची बोटे झडून गेली होती. बाबा धीट म्हणून प्रसिद्ध. पण त्या क्षणी ते भ्याले व घरी पळाले. मग मात्र त्यांना स्वतःचीच लाज वाटली. परत जाऊन त्यांनी त्या माणसावर आडोसा उभारला, त्याला अन्न दिले. तुळशीराम वाचला नाही. बाबांनी मात्र १९४९ साली कलकत्त्यास जाऊन कुष्ठरोगाच्या उपचारांचे शिक्षण घेतले.

रोग आटोक्यात आणणारी औषधे तोवर निघाली होती. परंतु बऱ्या झालेल्या रोग्यालाही घरी कोणी घेत नसे, मग काम कोण देणार? त्याच्या वाट्याला भीकच येई. ही भीक बाबांना रोगाइतकीच वाईट वाटे. १९५१ साली सहा रुग्ण, एक लंगडी गाय व चौदा रुपये एवढ्या बळावर ते पत्नी साधनाताई व दोन लहान मुलांसह वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर राहावयास गेले. तेच आनंदवन होय.

तेथे सर्वांनी मिळून विहीर खणली, शेत केले. कुष्ठरोगाने बधिर झालेल्या हाताला चटका कळत नाही, की जखम कळत नाही. म्हणून अशा हातांना फार जपावे लागते. ज्याला जे झेपेल ते काम त्याने करावे आणि आपल्या श्रमाचे खावे, अशी तेथील रीत होती. पुढे भाजीपाला गरजेहून अधिक पिकू लागला. तो वरोऱ्याच्या बाजारात नेला, तेव्हा रोग्यांच्या हातची भाजी कोणी विकत घेईना! आजच्या मुलांना याचे नवल वाटेल. पण त्या शेतकऱ्यांना झालेले दुःख सोसण्याजोगे नव्हते.

त्याच दशकात देशोदेशींचे तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी दवाखान्याची बांधकामे केली, त्यांच्याबरोबर जेवणही घेतले. गावकरी हे पाहत होते. हळूहळू त्यांची भीती गेली आणि माल खपू लागला. १९६४ साली तर आनंदवनात महाविद्यालय निघाले व बाहेरची मुले तेथे शिकावयास येऊ लागली. अंध, कर्णबधिर व अपंग यांच्यासाठीही शाळा व कार्यशाळा उभ्या राहिल्या.

उतारवयात बाबांनाच पाठीच्या कण्याच्या विकाराने बसता येईनासे झाले. ते उभ्याने किंवा आडवे पडून कामे उरकीत. १९८५ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह दहन न करता आनंदवनाच्याच मातीत पुरण्यात आला.