बीथोव्हन यांचे चरित्र आणि काविळीचा धडा



आपल्या वेळापूर भागात कुणाला कावीळ झाली की आधी काय करतात? कावीळ उतरवून आणतात, पथ्य पाळतात. डोळे पांढरे झाले की विषय संपला! पण तो खरंच संपतो का? यासाठी आज एका जगप्रसिद्ध संगीतकाराचं चरित्र पाहूया.

लुडविग व्हान बीथोव्हन यांचा जन्म डिसेंबर 1770 मध्ये जर्मनीतील बॉन शहरात झाला. वडील दरबारी गायक, पण दारूच्या आहारी गेलेले. मुलाकडून ते फार कठोरपणे सराव करून घेत. 1787 मध्ये आई क्षयाने वारली आणि दोन धाकट्या भावांचा भार कोवळ्या लुडविगवर आला. 1792 मध्ये ते व्हिएन्नाला गेले, ते कायमचेच.

तिशीच्या आतच त्यांना कमी ऐकू येऊ लागलं. 1802 मध्ये त्यांनी भावांसाठी एक पत्र लिहून ठेवलं. मृत्यूनंतर डॉक्टरांनी आपल्या आजाराचं वर्णन लिहून ते जगाला कळवावं, अशी इच्छा त्यात होती. 1824 मध्ये नववी सिंफनी सादर झाली, तेव्हा टाळ्यांचा कडकडाटही त्यांना ऐकू आला नाही. एका गायिकेने त्यांना श्रोत्यांकडे वळवलं.

1821 मध्ये त्यांना कावीळ झाली होती. ती गेली, पण यकृत आतून खराब होत राहिलं. शेवटी पोटात पाणी झालं, चार वेळा काढावं लागलं. 26 मार्च 1827 रोजी, 56 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. शवविच्छेदनात यकृत आक्रसलेलं, गाठीगाठींचं दिसलं. यालाच सिरॉसिस म्हणतात.

त्यांची इच्छा 2023 मध्ये काही अंशी पूर्ण झाली. जपून ठेवलेल्या त्यांच्या केसांतील डीएनए संशोधकांनी तपासला. त्यात हिपॅटायटिस बी चा विषाणू सापडला आणि यकृताच्या आजाराचा आनुवंशिक धोकाही दिसला. नेहमीच्या मद्यपानाच्या नोंदी तर होत्याच.

बीथोव्हन यांना कॅन्सर झाला नव्हता. पण सिरॉसिसची हीच वाट अनेकांना यकृताच्या कॅन्सरपर्यंत नेते. पाण्यातून होणारी ए आणि ई प्रकारची कावीळ बहुधा पूर्ण बरी होते. बी आणि सी मात्र शरीरात वर्षानुवर्षे लपून राहू शकतात. अशा माणसाला कॅन्सरचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी अशा:

• जन्मतःच किंवा लहानपणी झालेली बी ची लागण
• सिरॉसिस
• दारू आणि तंबाखू
• लठ्ठपणा, मधुमेह
• घरात कुणाला यकृताचा कॅन्सर झालेला असणं
• बुरशी लागलेले शेंगदाणे, मका (त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष)

म्हणून चटणीला शेंगदाणे घेताना काळे, खवट दाणे निवडून फेका. कावीळ झाली की रक्त तपासून प्रकार जाणून घ्या. बी निघाली तर डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित तपासणी ठेवा. सिरॉसिस नसतानाही बी मुळे कॅन्सर होऊ शकतो. सी गोळ्यांनी बहुतेकांची बरी होते. आणि शिक्षकांनो, बी असलेल्या मुलाला वेगळं बसवू नका; सोबत बसल्याने, जेवल्याने ती पसरत नाही.

बीथोव्हन यांच्या काळात लस नव्हती. आज बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत बी ची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुढचे डोस 6, 10 आणि 14 व्या आठवड्यात. आज घरी गेल्यावर मुलांचं लसीकरण कार्ड एकदा नक्की काढून बघा.