समाजस्वास्थ्यकार र. धों. कर्वे : बाबासाहेबांनी ज्यांचं वकीलपत्र घेतलं



बाबासाहेबांच्या कोर्टकेसेस म्हटल्या की आपल्याला महाडच्या चवदार तळ्याचा दावा आठवतो. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरचा बदनामीचा खटलाही जुने कार्यकर्ते सांगत आले. १९२६ साली अपिलात जेधे, जवळकर आदी मंडळींना बाबासाहेबांनी सोडवलं. पण १९३४ साली त्यांनी एका मासिकाच्या संपादकासाठी मुंबईच्या कोर्टात अश्लीलतेची केस लढवली आणि ती ते हरले, हे फारसं कुणी सांगत नाही. हरलेली केस कोण सांगणार? तरी तो संपादक कोण होता हे विहारात येणाऱ्या आपल्या आयाबहिणींना माहीत असायला पाहिजे.

रघुनाथ धोंडो कर्वे यांचा जन्म १४ जानेवारी १८८२ चा. विधवाविवाह आणि स्त्रीशिक्षणासाठी झिजलेले महर्षी धोंडो केशव कर्वे हे त्यांचे वडील. आई राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेल्या, तेव्हा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. पोरगा हुशार. मॅट्रिकला पहिला आला, पुढे गणिताचा प्रोफेसर झाला, १९१९ साली गणिताच्याच अभ्यासासाठी पॅरिसला जाऊन आला. एवढी विद्या असलेल्या माणसाला सुखाने पेन्शन खाता आली असती.

त्यांनी काय केलं, तर १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. मूल केव्हा हवं, किती हवीत, हे बाईच्या हातात असलं पाहिजे, हा त्यांचा आग्रह. त्या काळी ही गोष्ट घरात नवराबायकोसुद्धा उघड बोलत नसत. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसं, बाईचं एक मूल अंगावर पितंय तोवर दुसरं पोटात, आणि हीच बाई उठून खात्यात कामाला जाणार. हे ज्यांनी आपल्या आजीच्या तोंडून ऐकलं आहे, त्यांना कर्वे काय म्हणत होते हे वेगळं समजावायला नको. विल्सन कॉलेजच्या चालकांना मात्र ते पटलं नाही. प्रचार सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच पडला आणि १९२५ साली कर्व्यांनी नोकरी सोडली. पत्नी मालतीबाईंनी या सगळ्यात साथ दिली. दोघांनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. लोकांना सांगायचं एक आणि घरात वागायचं दुसरं, असला मामला तिथे नव्हता.

जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. शरीराचं शास्त्र, गुप्तरोग, संततिनियमन, स्त्रीपुरुषसंबंध या सगळ्यांवर साध्या मराठीत लेख, आणि वाचकांच्या प्रश्नांना सरळ उत्तरं. मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र. सनातन्यांचं पित्त खवळणारच! 'व्यभिचाराचा प्रश्न' या लेखावरून १९३१ साली खटला झाला आणि शंभर रुपये दंड बसला. कर्वे गप्प बसले नाहीत. १९३४ च्या फेब्रुवारीत त्यांना पुन्हा अटक झाली. या खेपेला गुन्हा कसला, तर वाचकांनी विचारलेल्या लैंगिक शंकांना गुजराती अंकात छापलेली उत्तरं!

हे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतलं. नुकताच पुणे करार होऊन गेलेला, समाजाच्या कामाचा डोंगर समोर, आणि हा माणूस एका देव न मानणाऱ्या ब्राह्मण संपादकासाठी मॅजिस्ट्रेटपुढे उभा. माणसं शंका विचारतात, त्याला शास्त्राच्या आधारे उत्तर देणं हा गुन्हा कसा, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. पण कायदाच आडवा होता. कलम २९२ खाली कोर्टं १८६८ सालच्या एका विलायती खटल्याची कसोटी लावीत : वाचणाऱ्याचं मन बिघडू शकेल की नाही, एवढंच बघायचं. शास्त्रासाठी, लोकहितासाठी लिहिलं असेल तर सूट, ही तरतूद त्या कलमात आली १९६९ साली. निकाल एप्रिलमध्ये लागला. दोनशे रुपये दंड!

माझं स्पष्ट मत असं की बाबासाहेब या केसकडे परक्याची केस म्हणून बघतच नव्हते. अमुक ज्ञान अमक्याच्या कानावर पडता कामा नये, हा हुकूम आपल्या वाडवडिलांनी हजारो वर्षं सोसला. तोच हुकूम आता बाईला आणि साध्या वाचकाला कोर्टातून सुनावला जात होता. आणि बाबासाहेब दंड भरून झाल्यावर विषय विसरले नाहीत. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेलं होतं. त्यांना स्वतःला त्या दिवशी हजर राहता आलं नाही. ठराव फेटाळला गेला.

कर्वे पुढेही मासिक काढतच राहिले. पैशाची ओढाताण कधी संपली नाही, वर्गणीदार मोजकेच. १९४४ साली मालतीबाई गेल्या, त्यानंतर ते एकटेच. १९५२ साली स्वतंत्र भारताच्या सरकारने कुटुंब नियोजन हा सरकारी कार्यक्रम म्हणून हाती घेतला. ज्या सांगण्यापायी कर्व्यांची नोकरी गेली होती, ते सांगायला पुढे सरकारी पगारावर माणसं नेमली गेली. १४ ऑक्टोबर १९५३ रोजी कर्वे वारले. 'समाजस्वास्थ्य'चा शेवटचा अंक नोव्हेंबर १९५३ चा आहे.