गावातला पेपर, राज्याराज्यांत वाचक: कोण होते जोसेफ डेनी?

अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यातलं वॉलपोल हे कनेक्टिकट नदीकाठचं छोटं गाव. १७९०च्या दशकात इथून निघणारं ‘फार्मर्स वीकली म्युझियम’ हे साप्ताहिक दूरच्या राज्यांतही वाचलं जायचं. नावात शेतकरी होता, पण वाचक ते उघडायचे निबंध, कविता आणि चिमट्यांसाठी. याचं मोठं श्रेय जातं संपादक जोसेफ डेनी यांना.

डेनी यांचा जन्म १७६८ मध्ये बॉस्टनचा. हार्वर्डमध्ये प्राध्यापकांशी उद्धटपणे वागल्यामुळे त्यांना काही काळ निलंबित केलं होतं. १७९० मध्ये पदवी मिळाली, पुढे वकिलीही सुरू केली, पण त्यात मन रमलं नाही. १७९५ मध्ये बॉस्टनला काढलेलं ‘टॅब्लेट’ हे साप्ताहिक १३ अंकांतच बंद पडलं. मग ते वॉलपोलला आले.

तिथे मुद्रक डेव्हिड कार्लाइल १७९३ पासून पेपर काढत होते. डेनी त्यात ‘ले प्रीचर’ हे सदर लिहू लागले. बायबलमधलं एखादं वचन घ्यायचं आणि बोलायचं मात्र आळस, फॅशन, रोजच्या जगण्याबद्दल, असा त्याचा थाट. १७९६ मध्ये ते संपादक झाले. नाटककार रॉयल टायलर यांच्यासोबतचं ‘कोलन अँड स्पाँडी’ हे विनोदी सदरही गाजलं.

गावातलं लिखाण देशभर कसं पोहोचलं?

उत्तर आहे टपाल खात्यात. १७९२च्या कायद्यानुसार पत्र पाठवायला अंतराप्रमाणे ६ ते २५ सेंट लागायचे, वर्तमानपत्राला मात्र फक्त १ किंवा दीड सेंट. शिवाय मुद्रक एकमेकांना आपला अंक फुकट पाठवू शकत. आलेल्या अंकातलं आवडलेलं उचलून आपल्या पेपरात छापायचं, हा तेव्हाचा सर्रास रिवाज. आजच्या भाषेत डेनी व्हायरल झाले, असंच म्हणायचं!

पण फॉरवर्ड झालेल्या मजकुराचे पैसे मूळ मुद्रकाला मिळत नव्हते. १७९८ मध्ये कार्लाइल यांचं दिवाळं निघालं. त्यांनी ज्यांच्याकडे छपाई शिकली होती, त्या वूस्टरच्या आयझाया थॉमस यांनी पेपर हाती घेतला.

१७९९ मध्ये डेनी यांनी गाव सोडलं आणि फिलाडेल्फियात परराष्ट्रमंत्री टिमथी पिकरिंग यांच्या कार्यालयात नोकरी धरली. १८०१ मध्ये तिथेच ‘पोर्ट फोलिओ’ हे नियतकालिक सुरू केलं. लोकशाहीवर त्यांचा अजिबात विश्वास नव्हता आणि ते तसं उघड छापायचे. त्यावरून राजद्रोही लिखाणाचा खटला झाला. १८०५ मध्ये ते निर्दोष सुटले.

७ जानेवारी १८१२ रोजी, वयाच्या ४३व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ‘पोर्ट फोलिओ’ त्यांच्यानंतरही १८२७ पर्यंत निघत राहिलं.