निकोला टेस्ला

निकोला टेस्ला यांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात झाला. १८८४ साली ते अमेरिकेस गेले. १८९१ मध्ये त्यांनी 'टेस्ला कॉइल' हे वेटोळे सिद्ध केले. नेमक्या क्षणी दिलेल्या हलक्या रेट्यांनी झोका उंच जातो. तसाच योग्य वारंवारतेच्या प्रवाहाने या वेटोळ्यात प्रचंड विद्युतदाब निर्माण होतो.

याच साधनाने त्यांनी बिनतारी संदेशवहनाचे प्रयोग आरंभिले. परंतु असा संदेश परक्याच्या हाती पडण्याचा धोका होता. म्हणून त्यांनी दोन भिन्न वारंवारतांच्या लहरी एकत्र पाठवण्याची योजना आखली. दोन किल्ल्यांच्या कुलपाप्रमाणे, दोन्ही लहरी पोहोचल्याखेरीज ग्राहक यंत्र प्रतिसाद देत नसे. १९०३ साली त्यांना या योजनेचे पेटंट मिळाले. त्याच सुमारास वॉर्डनक्लिफ येथील त्यांच्या भव्य मनोऱ्याचे काम पैशाअभावी रखडले. १९१७ मध्ये तो मनोरा पाडण्यात आला.

७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत एकाकी अवस्थेत त्यांचे निधन झाले. १९६० साली चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या एककास त्यांचे नाव देण्यात आले. मनोरा उरला नाही. अनेक वारंवारतांच्या योगे संदेश सुरक्षित राखण्याचा विचार मात्र बिनतारी तंत्रात रुजला.