रोह्याच्या वकिलाचा मुलगा

रहस्यकथेत मृत्यू झाला, की कुणीतरी चौकशी मागावी लागते. नाहीतर कथा पुढे सरकतच नाही. खऱ्या आयुष्यात अशी मागणी महागात पडते. चिंतामणराव देशमुखांना ती पडली.

जन्म १८९६ चा, रायगडाजवळच्या नाते गावी. वडील रोह्यात वकील. मुलगा १९१८ साली आय.सी.एस. परीक्षेत पहिला आला आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला. आम्हा बँकवाल्यांचे हे कुलपुरुषच! १९५० पासून ते अर्थमंत्री होते आणि १९५२ साली लोकसभेवर गेले ते कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे पेण-रोह्याच्याच मुलखातून.

मुंबई महाराष्ट्राला न देण्याचे दिल्लीने ठरवले. १९५६ च्या जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर पोलिसांच्या गोळ्यांनी माणसे मेली. गोळीबाराची न्यायालयीन चौकशी मात्र नाकारली गेली. जुलैमध्ये देशमुखांनी मंत्रिपद सोडले आणि त्या नकाराचा ठपका लोकसभेत उघडपणे ठेवला. आपण त्यांना आठवतो मुंबईसाठी. मला मात्र चौकशीचा तो आग्रह अधिक मोलाचा वाटतो. त्यात वकिलाच्या घरचे वळण दिसते.

१ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. देशमुख तेव्हा विद्यापीठ अनुदान आयोगाचे काम पाहत होते.